खर्च घटला, की आपल्या पदरात आला?



बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की आपण सगळ्यात आधी काय विचारतो? "कशासाठी हवेत?" उत्तर वहीत लिहून घेतो. आज घरी गेल्यावर गटाची जुनी वही काढा आणि नुसता तो एक रकाना वाचा. शिलाई मशीन, शेळी, मुलाची फी, जाळ्याची दुरुस्ती, आंब्याच्या पेट्या, आणि मधे मधे एक शब्द परत परत येईल, "आजारपण". शेळीसाठी काढलेलं कर्ज शेळीच फेडते. आजारपणाचं कर्ज फेडायला मात्र आपल्याच अंगातली ताकद लागते, आणि ती तर आजारपणानं आधीच गेलेली असते.

आता गंमत बघा. सरकारी दवाखान्यात केस पेपर फुकट, तपासणी फुकट, औषध फुकट. मोठ्या ऑपरेशनला योजना आहे. मग हे कर्ज येतं कुठून? आजचं बोलणं याच प्रश्नावर आहे. सरकार, दवाखाने आणि विमा योजना उपचारांवरचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी निरनिराळे नियम करतात. कुठे फी लावतात, कुठे औषधाचा दर बांधून देतात, कुठे खरेदी एकाच ठिकाणाहून करतात, कुठे ऑपरेशनची रक्कम ठरवून टाकतात. वर्षाअखेर अहवाल येतो की खर्चात इतकी बचत झाली. ती बचत खरी आहे की नाही, हे बघायला हिशेब तपासनीसच हवा असं काही नाही. गटाची वही लिहिणारी बाई ते काम करू शकते.

एक साधं उदाहरण घेऊ. समजा विजयदुर्गातल्या एक काकी आहेत. रक्तदाबाची रोज एक गोळी चालू आहे. दवाखान्यात महिन्याच्या तीस गोळ्या मिळायच्या. मग साठा पुरवून वापरायचा म्हणून ठरलं की एका वेळी पंधराच द्यायच्या. आता काकींना महिन्यात दोन खेपा. सोयीसाठी धरून चालू की गोळी सरकारला एक रुपयाला पडते आणि काकींचं जाऊन-येऊन एसटीचं भाडं चाळीस रुपये. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्ध तिकीट आहे, ते धरूनच चाळीस. शिवाय त्या दिवशीची मजुरी बुडाली. मासळी निवडायला, काजू फोडायला, बागेत आंबा भरायला गेल्या असत्या तर तीनशे रुपये मिळाले असते. म्हणजे जादा खेपेला काकींचे तीनशे चाळीस गेले.

दवाखान्याचे किती वाचले? बोटं मोडून बघा. काकी पंधरा दिवसांनी परत आल्या, तर दवाखान्याला त्या पंधरा गोळ्या द्याव्याच लागतात. वाचलं शून्य. पंधरा रुपये वाचतात ते काकी परत आल्या नाहीत तरच. एखादा नियम लोकांनी उपचार सोडला तरच पैसे वाचवत असेल, तर त्याला बचत म्हणायचं का?

आणि काकी परत का येत नाहीत? कधी पाऊस असतो, कधी गाडी चुकते, कधी सुनेचं बाळंतपण असतं. रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे गोळी सुटली तर त्या दिवशी काहीच होत नाही. होतं ते सहा महिन्यांनी, वर्षानं. एक दिवस हात उचलत नाही, तोंड वाकडं होतं. मग एकशे आठची गाडी, आधी तालुक्याला, तिथून कणकवली, तिथून ओरोस, नाहीतर बांबोळी. पंधरा रुपयांची बचत कुठल्या कुठे गेली.

म्हणून खर्चाचा कुठलाही नियम आला की आपण तीन गोष्टी विचारायच्या. खर्च खरंच घटला, की दवाखान्याच्या वहीतून निघून आपल्या घरच्या वहीत आला? या नियमामुळे दवाखान्यात यायचं कोण थांबलं? आणि जे आले, त्यांना आधीइतकाच चांगला उपचार मिळाला का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर निदान कागदावर शोधता येतं. दुसरा अवघड आहे, कारण जी बाई दवाखान्यात आलीच नाही, तिची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते.

फीपासून सुरुवात करू. १९९० च्या दशकात अनेक राज्यांत जागतिक बँकेच्या कर्जातून आरोग्य प्रकल्प आले, आणि सरकारी दवाखान्यात रुग्णाकडून थोडी तरी रक्कम घ्यावी हा विचार त्यांच्याबरोबर बळावला. त्यामागचं म्हणणं असं की फुकट मिळालं की माणसं उगाच गर्दी करतात, थोडे पैसे मोजावे लागले की गरज असेल तोच येईल. ऐकायला पटतं. पण याची परीक्षा अमेरिकेत फार पूर्वी झाली आहे. १९७० च्या दशकात तिथं रँड नावाच्या संस्थेनं हजारो माणसांवर अनेक वर्षं एक प्रयोग केला. काही कुटुंबांना उपचार पूर्ण मोफत, काहींना बिलाचा थोडा वाटा स्वतः भरायचा, काहींना बराच. ज्यांना पैसे भरावे लागत होते ते दवाखान्यात कमी गेले, हे खरं. पण त्यांनी बिनगरजेचे उपचार जेवढे टाळले, तेवढेच गरजेचेही टाळले. आपल्याला काय झालंय हे आजारी माणसाला आधी कसं कळणार? पोटात दुखतंय ते गॅसनं की अपेंडिक्सनं, हे डॉक्टरकडे गेल्यावरच कळतं. आणि सगळ्यात जास्त नुकसान झालं ते गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांचं. त्यांचा रक्तदाब मोफतवाल्यांच्या मानानं चढा राहिला.

महाराष्ट्रानं १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांमधलं शुल्क बंद केलं. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सगळीकडे. म्हणजे आपलं पडेलचं केंद्र आलं, देवगडचं ग्रामीण रुग्णालय आलं, कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय आलं. एक लक्षात ठेवा, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात. त्यामुळे मोठ्या ठिकाणी गेल्यावर खिडकीवर "हे कशाचे पैसे?" असं विचारायचं आणि पावती घ्यायची. पावती नाही तर पैसे नाहीत, हे गटात पाठच करून टाका.

पण केस पेपर फुकट झाला म्हणून काकींचे तीनशे चाळीस वाचले का? नाही. दहा रुपयांचा कागद हा त्यांच्या खर्चातला सगळ्यात लहान आकडा होता. मोठे आकडे म्हणजे अंतर, बुडालेला दिवस आणि खिडकीवरून ऐकू येणारं ते वाक्य, "औषद संपला, भायरसून घेवा."

हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, म्हणून औषधाच्या खरेदीवर थोडं जास्त बोलते.

प्रत्येक दवाखान्यानं आपापलं औषध विकत घेतलं तर महाग पडतं. सगळ्या राज्याची मागणी एकत्र करून एकदम घेतलं तर स्वस्त पडतं. आपण गटातून तेल-डाळ एकत्र आणतो, तसंच हे. तामिळनाडूनं १९९४ मध्ये यासाठी वेगळं वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं. औषधं ब्रँडच्या नावानं न घेता मूळ औषधाच्या नावानं घ्यायची, प्रत्येक खेपेची गुणवत्ता तपासून मगच वाटायची, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम ठेवायचं. आणि त्यांची सगळ्यात छान गोष्ट म्हणजे पासबुक. प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक, त्यात वर्षाची रक्कम लिहिलेली. गोदामातून औषध उचललं की तेवढी रक्कम वजा. ज्या दवाखान्यात गर्दी आहे तो त्याला लागतं ते उचलतो, कुणी वरून न लागणारी खोकी पाठवून देत नाही. राजस्थाननं २०११ मध्ये मोफत औषध योजना सुरू केली तेव्हा त्यांनीही असंच वेगळं महामंडळ उभं केलं.

महाराष्ट्रानं २०१७ मध्ये खरेदीचं काम हाफकिन महामंडळाकडे दिलं. हाफकिन हे जुनं, मानाचं नाव. लस आणि सर्पदंशावरचं औषध तयार करणारी संस्था. पण औषध तयार करणं वेगळं आणि साऱ्या राज्यासाठी निविदा काढून वेळेत खरेदी करणं वेगळं. खरेदी रेंगाळते, पैसे देऊनही माल येत नाही, अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या. अखेर २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण करावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाले आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा औषधखरेदी आणि रिकामी पदं हे दोन्ही प्रश्न न्यायालयापुढे आले.

तामिळनाडू आणि महाराष्ट्र, दोघांनीही एकत्र खरेदी हेच धोरण घेतलं. कागदावर एकसारखं दिसतं. फरक पडला तो गोळी फळीवर वेळेत पोचते की नाही यात. निविदेत गोळी चाळीस पैसे स्वस्त मिळाली असेलही. पण ती गोळी जुलैत हवी असताना डिसेंबरात आली, तर मधले पाच महिने ती कुणी घेतली आणि कितीला? ते पैसे कुठल्याही सरकारी अहवालात येत नाहीत, कारण ते काकींनी मेडिकलवाल्याला दिले. औषधखरेदीचं मोजमाप दरावर करून भागत नाही. वर्षातले किती दिवस फळी रिकामी होती, ते मोजावं लागतं, आणि ते दिवस खिडकीसमोर उभी असलेली बाईच मोजू शकते.

आता बांबोळीकडे येते. सिंधुदुर्गातल्या प्रत्येक घराचं बांबोळीशी काही ना काही नातं आहे. झाडावरून पडलेला माणूस, अडलेलं बाळंतपण, डोक्याला मार लागलेला मुलगा, "बांबोळीक न्हेलो" म्हटलं की शेजारीपाजारी समजून जातात. विजयदुर्गहून ते दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे, तरी लोक जातात. कारण वर्षानुवर्षं जिल्ह्यात तेवढी सोय नव्हती.

जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारनं गोवा मेडिकल कॉलेजमध्ये राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. आपल्याकडे संताप झाला. मार्चमध्ये दोडामार्गला लोकांनी आंदोलन केलं. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीच्या माणसाला बांबोळी ओरोसइतकंच किंवा त्याहूनही सोयीचं. नात्यागोत्यानं, कामधंद्यानं गोव्याशी बांधलेला हा मुलूख. हजारो लोक गोव्याच्या कारखान्यांत, हॉटेलांत, बांधकामावर राबतात, आणि आजारी पडल्यावर मात्र "तुम्ही बाहेरचे" म्हणायचं, हे लोकांना लागलं.

रागावणं सोपं आहे, पण आपण आज तोलायला बसलो आहोत, तेव्हा गोव्याची बाजूही ऐकू. लहान राज्य. त्यांच्या लोकांच्या करातून ते रुग्णालय चालतं. २०१६ मध्ये त्यांनी आपल्या रहिवाशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणली, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. खाटा आपल्याच माणसांना अपुऱ्या पडतात, शेजारच्या राज्याचा भार आम्ही का उचलावा, असं ते म्हणाले तर त्यात अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. आपल्या गटाच्या निधीतून शेजारच्या वाडीतल्या गटानं न विचारता कर्ज नेलं, तर आपण काय म्हणू?

पण मग तिन्ही प्रश्न विचारू. खर्च घटला का? गोव्याच्या वहीत थोडी जमा वाढली असेल, पण त्या रुग्णाचा उपचार स्वस्त झाला नाही. त्याचा एक वाटा दोडामार्गच्या किंवा देवगडच्या घरावर आला. यायचं कोण थांबलं? ज्याच्याकडे पैसे होते तो आलाच, त्यानं शुल्क भरलं. थांबला तो नारळावर चढणारा, पाळण्यावरचा खलाशी, मोलमजुरी करणारी बाई. म्हणजे "ज्याला गरज तोच येईल" म्हणून लावलेल्या फीनं गरज चाळली नाही, पैसा चाळला. आणि जो थांबला तो पुढे अत्यवस्थ होऊन रात्री दोन वाजता आला, तर डॉक्टर त्याला परत पाठवणार आहेत का? नाही. तेव्हा त्याच रुग्णालयाला जास्त महाग उपचार करावा लागतो.

यातून नीट वाट कुठली, तर रुग्णाच्या राज्यानं त्या उपचाराचे पैसे द्यावेत. आपली महात्मा फुले योजना बांबोळीला लागू करा, ही मागणी त्या वेळी झाली ती म्हणूनच योग्य होती. भार नेमक्या खांद्यावर जातो, आणि रुग्णाला दारात पैसे मोजावे लागत नाहीत. आज कुणाला तिकडे नेण्याची वेळ आली, तर निघण्याआधी आपल्या आजाराला तिथं योजना चालते का, हे आरोग्यमित्राला विचारा. योजनेचा फोन १५५३८८ आहे. दुसरी वाट म्हणजे जिल्ह्यातच सोय करणं. ओरोसला सिंधुदुर्गचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय शंभर जागांनिशी सुरू झालं, ते यासाठीच महत्त्वाचं. आता तिथं तज्ज्ञ डॉक्टर टिकतात का, यावर आपली बांबोळीची खेप वाचणार की नाही ते ठरेल. इमारतीच्या खर्चात काटकसर केली तर चालेल, डॉक्टरांच्या जागा रिकाम्या ठेवून पगार वाचवला तर तो खर्च परत आपल्याच भाड्याच्या गाडीत येऊन बसतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं नाव निघालंच आहे, तर तीही एक खर्च आटोक्यात ठेवण्याची पद्धत आहे हे समजून घ्या. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं. वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा होती, ती पाच लाख करण्याचा आणि सगळ्यांनाच त्यात घेण्याचा निर्णय जुलै २०२३ मध्ये झाला. यात प्रत्येक ऑपरेशनची एक ठराविक रक्कम असते. रुग्णालयाला तेवढीच मिळते. त्यात खाट, औषधं, तपासण्या, रुग्णाचं जेवण, घरी परतण्याचं एका वेळचं एसटीभाडं, सगळं आलं. योजनेत दाखल करून घेतल्यावर "एवढे वरचे द्या" असं कुणी म्हटलं तर ते नियमाबाहेर आहे. तिथंच, दवाखान्यात असतानाच तक्रार करायची. घरी आल्यावर पावतीशिवाय भांडता येत नाही.

रक्कम बांधून दिली की बिल फुगत नाही, हा फायदा मोठा आहे. पण एका ऑपरेशनचा दर बांधला, म्हणून ऑपरेशनांची संख्या बांधली जात नाही. हे बायकांना फार महागात पडलं आहे. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली बिहार आणि छत्तीसगडमध्ये गरज नसताना बायकांच्या पिशव्या काढल्याच्या तक्रारी २०१२ मध्ये उघडकीला आल्या. कार्ड होतं, पैसे विमा देणार होता, बाईला सांगितलं की पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल. आपल्याकडे बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या इतक्या मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्या की २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. तिथं तर बऱ्याच बायकांनी उचल घेऊन खाजगीत पैसे भरले होते. पाळीच्या दिवसांत काम बुडतं, खाडा लागतो, हे एक कारण. म्हणजे पिशवी काढणं हीदेखील कुणाच्या तरी हिशेबात "बचत" होती.

तेव्हा "फुकट होतंय तर करून घे" हे वाक्य आपण एकमेकींना म्हणायचं बंद करू या. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना. गोळ्यांनी बरं होण्यासारखं काही आहे का, हे स्पष्ट विचारायचं. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे.

दर बांधण्याचं आणखी एक उदाहरण पटकन सांगते. हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायची स्प्रिंग, म्हणजे स्टेंट. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं त्याची कमाल किंमत ठरवली. औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६० रुपये. त्याआधी औषध लावलेल्या स्टेंटला लाखाच्या वर पडत. मोठं काम झालं. पण वर्षभरानं त्याच प्राधिकरणानं दिल्लीच्या आसपासच्या चार मोठ्या खाजगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा सिरिंज, नळ्या अशा दर न बांधलेल्या वस्तूंवर काही ठिकाणी १,७०० टक्क्यांहून जास्त नफा घेतलेला दिसला. फुगा एका बाजूनं दाबला की दुसऱ्या बाजूनं वर येतो. म्हणून बिल बघताना एका वस्तूची किंमत उतरली का, एवढ्यावर समाधान मानू नका. खाली शेवटी लिहिलेला एकूण आकडा उतरला का, ते बघा. खाजगी रुग्णालयानं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावली पाहिजे, असा नियम राज्यात २०२१ पासून आहे. दिसली नाही तर विचारा, "दरपत्रक कुठे लावलंय?" नुसतं विचारलं तरी समोरच्याचा आवाज थोडा खाली येतो.

आता कामाचं. गटाच्या वहीत शेवटची चार पानं आजारपणासाठी राखून ठेवा. गटातली कुणीही दवाखान्यात जाऊन आली की तिनं बैठकीत सांगायचं आणि लिहिणारीनं लिहायचं. तारीख. कुठल्या दवाखान्यात. गाडीभाडं किती. दिवस किती बुडाले, बरोबर गेलेल्या माणसाचेसुद्धा. तिथं काय फुकट मिळालं, काय बाहेरून आणायला लावलं आणि ते कितीला. पावती मिळाली का. आणि एक रकाना मुद्दाम ठेवा, "जायला हवं होतं, पण गेली नाही". त्यात कारण लिहा. नाव लिहायला कुणी लाजत असेल तर नाव नको.

बाळंतपण असेल तर वेगळं लिहा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, रक्त, तपासण्या, औषधं, जेवण, आणि घरून दवाखान्यात व परत घरी सोडायला गाडी, हे सगळं मोफत आहे. बहुतेक ठिकाणी न्यायला गाडी येते. परत सोडायला आली का, हे लिहून ठेवा. सिझेरियन झालेली बाई बाळ घेऊन रिक्षानं खड्ड्यांतून आली असेल, तर तो कुणाची तरी वाचलेली डिझेलची रक्कम आहे.

सहा महिन्यांची अशी नोंद झाली की ती घेऊन कुठे जायचं? गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती असते, आशाताई तिच्यात असतात, आणि बायकांना तिच्यात जागा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे थोडा निधीही असतो. एखादं औषध तातडीनं आणायला तो वापरता येतो. ग्रामसभा आहेच. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्यांवर देखरेख ठेवण्याचं काम केलं, जनसुनवाया घेतल्या. डॉक्टरांशी भांडायला म्हणून जाऊ नका. पुष्कळदा औषध न आल्यानं तेही तितकेच वैतागलेले असतात, आणि त्यांना वर लिहिण्यासाठी आपली नोंद उपयोगी पडते. "औषध नसतं" असं म्हटलं तर कुणी ऐकत नाही. "फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत आमच्या गटातल्या अकरा बायकांनी रक्तदाबाची गोळी बाहेरून घेतली, या त्यांच्या पावत्या" असं म्हटलं की ऐकावं लागतं.

सुरुवात कुठून करायची असेल तर लेप्टोपासून करा. आपल्या जिल्ह्याला हा ताप चांगलाच माहीत आहे. लावणीत चिखलात उभं राहायचं, पायाला जखम, उंदराच्या मुतानं घाण झालेलं पाणी, आणि आठवड्याभरात ताप, अंग मोडून येणं, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल. वेळेवर डॉक्सिसायक्लिनची स्वस्त गोळी मिळाली तर बहुतेक जण उठून कामाला लागतात. उशीर झाला तर मूत्रपिंडावर जातं, डायलिसिस लागतं. त्या गोळीत काटकसर करून कुणाचेच पैसे वाचत नाहीत. म्हणून मे महिन्याच्या बैठकीनंतर, मृग लागायच्या आधी, गटातल्या दोघीतिघींनी उपकेंद्रात जाऊन नर्सबाईंना विचारून यायचं: डॉक्सिसायक्लिन किती आहे, कधीपर्यंत पुरेल, संपलं तर कुठून आणि किती दिवसांत येईल. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी ही गोळी मनानं घ्यायची नाही, त्यांच्यासाठी वेगळं औषध कुठलं आणि ते आहे का, हेही विचारायचं. उत्तर तारखेसकट वहीत लिहा, आणि जुलैत परत जाऊन बघा.